चोपदाराविना धाव

पुण्यात मॅरेथॉनच्या दिवशी रस्ते पहाटेच बंद होतात. बॅरिकेड लागतात, चौकाचौकात पोलिस आणि शिट्टीवाले स्वयंसेवक उभे राहतात, पाण्याची टेबलं मांडली जातात. पीएमपीच्या बसला वळसा पडतो, दूधवाल्याला गल्लीबोळातून वाट काढावी लागते. वाहतुकीतल्या बदलाची खबर सगळ्यांना आदल्या दिवशीच्या पेपरातून लागलेली असते. लागलेली नसते ती एकाला, बंद दुकानाच्या पायरीवर रात्र काढलेल्या कुत्र्याला. उजाडता उजाडता त्याच्या हद्दीतून हजारो माणसं छातीवर नंबर लावून, धापा टाकत, एकाच दिशेने पळत सुटतात. माणसं उगाच पळत नाहीत, एवढं कुत्र्याला अनुभवाने ठाऊक असतं. मग कधी तो भुंकत मागे लागतो, कधी शेपूट उडवत पुढे धावतो आणि कधी नेमका ज्याच्या पायात येऊ नये त्याच्याच पायात येतो.

दुसरा कुत्रा या गर्दीत मुद्दाम आणलेला असतो. तीन-पाच किलोमीटरच्या हौशी धावेत कोणीतरी आपला लॅब्राडोर नाहीतर बीगल घेऊन येतं. फोटो झकास निघतात, मुलं खूश होतात आणि पहिल्याच वळणावर पट्टा कोणाच्या तरी पोटरीला वेढा घालतो.

या दोन कुत्र्यांवरून होणारी वादावादी अगदी अलीकडची वाटते. पण चालती-धावती गर्दी आणि तिच्यात प्राणी हा प्रसंग पुण्याच्या परिसराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे आणि चांगला निभावलाही आहे. तो कसा निभावला, हे पाहायचं तर मॅरेथॉनच्या मार्गावरून आधी पालखीच्या मार्गावर यावं लागतं.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची घडी दिली हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी होते, फौज कशी हलते हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, त्यांचे ठरलेले क्रमांक, तळाची आखणी, चोपदाराचा शब्द अखेरचा. या सगळ्या रचनेत लष्करी डोकं दिसतं. सोहळ्याची सुरुवात साधारणपणे १८३२ सालची सांगितली जाते. अंकलीच्या शितोळे सरकारांनी या सोहळ्याला घोडे दिले, आणि तो मान त्या घराण्याकडे आजही आहे. आषाढीच्या आधी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून दोन अश्व निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीला पोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण ती माउलींची, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांची, जागा.

घोडे चालत येतात, याकडे भाविक श्रद्धेने पाहतात. गर्दीचा विचार करणाऱ्याने त्याकडे व्यवहाराने पाहावं. वाटेतल्या गावोगावच्या स्वागतांतून, टाळमृदंगातून, पायाला हात लावायला झेपावणाऱ्या माणसांतून तो प्राणी आळंदीला येईपर्यंत गर्दीला सरावलेला असतो. ट्रकमधून उतरवून थेट लाखोंच्या मेळ्यात उभा केलेला घोडा असा शांत राहिला असता का, हा प्रश्नच आहे.

पुण्यात ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या दोन्ही पालख्या एकाच दिवशी शिरतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांचा नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. शहरातून जाताना अश्व चालतात, धावत नाहीत. धाव राखून ठेवलेली असते शहराबाहेरच्या मोकळ्या माळासाठी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागतं, पुढे सदाशिवनगर, ठाकूरबुवाची समाधी, बाजीरावाची विहीर इथे गोल रिंगणं. पोटात माणसं, कडेला माणसं आणि मधोमध आखलेला रिकामा पट्टा. पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, पखवाजवाले आपापल्या पाळीने धावून घेतात, आणि मग घोडे सुटतात. स्वाराचा घोडा पुढे, माउलींचा मागे. घोडा गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. ती झुंबड घोडा जाण्याआधी उडत नाही. हेच रिंगणाचं खरं कौशल्य आहे, आणि ते घोड्याला शिकवलेलं नाही, माणसांना शिकवलेलं आहे. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की अख्खा तळ गप्प होतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाही होत होता.

तुकोबांच्या पालखीला काटेवाडीत आणखी एक रिंगण होतं, मेंढ्यांचं. परीट समाजाने धोतरांच्या पायघड्या घातल्यावर रथ पुढे येतो आणि धनगर आपला कळप रथाभोवती पळवत नेतात. मेंढरू कळपात एकमेकांना धरून पळतं, पण कळप फुटायला एक दचका पुरतो. इथे कळप फुटत नाही, कारण त्याला वळवणारा माणूस त्या कळपातल्या प्रत्येक जनावराला ओळखतो.

धनगरांची गोष्ट निघालीच आहे तर कुत्र्याकडे वळता येईल. पावसाळा सरला की पुणे-नगर भागातले मेंढपाळ घाट उतरून कोकणात जात. अजूनही काही जातात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढ्या, आणि सोबत कुत्री. ही कुत्री कळपाच्या पोटात शिरत नाहीत. कडेने चालतात, मागे रेंगाळतात, रात्री वाघराच्या, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या, बाहेर बसतात. गर्दीबरोबर चालायचं पण गर्दीत मिसळायचं नाही, हा धडा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गिरवलेला. पुण्याच्या आसपास माणूस आणि कुत्रा यांच्या सोबतीच्या चालण्याचा सगळ्यात जुना आणि अजून चालू असलेला नमुना हाच असावा.

देवादिकांतही कुत्रं आहेच. दत्ताच्या पायाशी चार, भैरवाचं वाहन एक. जेजुरीच्या खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या टापांपाशी कुत्रा धावत असतो. म्हणजे घोडा, स्वार आणि कुत्रा हे शिकारीचं त्रिकूट देवाच्या रूपातही सुटलेलं नाही. खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेत, भुंकत आणि कोटंब्यात भिक्षा घेत. माउलींची पालखी सासवडहून जेजुरीला येते, तेव्हा वारकरी आणि वाघ्या-मुरळीचा हा मुलूख एकमेकांत मिसळतो आणि भंडाऱ्याने सगळेच पिवळे होतात. नामदेवांची कथा आणखी वेगळी. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. मराठी मनात कुत्र्यामागे धावलेल्या माणसाचं सर्वांत लाडकं चित्र ते हेच. रोज सकाळी टेकडीवर कुत्र्याच्या ओढीने फरफटत जाणारे पुणेकर या परंपरेत मोडतात असं म्हणायला हरकत नाही, फक्त वाटी तेवढी नसते.

इंग्रज आले आणि कुत्र्याबरोबर धावण्याला वेगळंच वळण लागलं. १८१८ नंतर पुणे आणि खडकीला छावण्या वसल्या. लष्करी अधिकाऱ्यांना कवायतीइतकीच शिकारीची गरज होती. त्यातून ‘पूना अँड किर्की हाउंड्स’ नावाचा शिकारी कुत्र्यांचा तांडा उभा राहिला. विलायतेतला कोल्हा-शिकारीचा खेळ इथे आणला, पण विलायती कोल्ह्याची जागा इथल्या कोल्ह्याने घेतली. आणलेली फॉक्सहाउंड कुत्री मात्र विलायतीच होती. त्यांना हिंदुस्थानचं ऊन सोसत नसे, म्हणून शिकार पहाटेची. ऊन चढलं की जमिनीवरचा वासही उडतो, कुत्री माग हरवतात.

या खेळाचा एक नियम इथे महत्त्वाचा. कुत्र्यांच्या पुढे घोडा काढायचा नाही. तांड्याचा एक प्रमुख असे, कुत्र्यांना हाकारणारा आणि चाबूकवाले वेगळे. बाकीचे स्वार, मग तो कर्नल का असेना, प्रमुखाच्या मागे. ज्याने कुत्र्यावर घोडा घातला त्याला सगळ्यांदेखत बोलणी बसत, घरी पाठवलं जाई. इंग्रजी छावणी आणि वारकऱ्यांचा तळ यांत साम्य शोधायला जाऊ नये हे खरं, पण धावत्या प्राण्याभोवतीची माणसं आवरायची, हे दोघांनाही उमगलेलं होतं.

आज जगभर चालणाऱ्या सामुदायिक धावण्याचा एक झराही याच शिकारीत आहे. विलायतेतल्या शाळांमध्ये मुलं ‘ससा आणि कुत्री’ खेळत. दोन मुलं कागदाचे कपटे टाकत पुढे पळत, बाकीची त्या मागावरून त्यांना गाठत. १८६८ मध्ये लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा धावपटूंचा क्लब निघाला. १९३८ मध्ये क्वालालंपूरला काही इंग्रज चाकरमान्यांनी याच खेळाची मंडळी जमवली आणि तिचं नाव ठेवलं ‘हॅश हाउस हॅरियर्स’. म्हणजे कुत्र्याला शर्यतीत आणण्याआधी माणसांनी शर्यतीत कुत्रा होऊन पाहिलेलं आहे.

दक्षिणेकडे स्वतःची धावणारी कुत्री होतीच. मुधोळचे घोरपडे हे मराठा संस्थानिक. त्यांच्यातल्या मालोजीरावांनी आपल्या मुलखातल्या लांब तोंडाच्या, पोट आत ओढलेल्या, उंच पायांच्या शिकारी कुत्र्यांची निगुतीने पैदास केली. त्यांनी पंचम जॉर्जला अशा कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव पक्कं झालं. महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवानी म्हणतात, लांब केसांच्याला पश्मी. सोलापूर, सातारा, सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवर ती आजही दिसतात. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळचा एक आहे. पळण्यासाठी घडलेलं कुत्रं हवं तर ते हे. पण पुण्याच्या सोसायट्यांतून ते क्वचित दिसतं, आणि दिसतं तेव्हा लोक ‘याला खायला घालत नाही का?’ असं मालकाला विचारतात.

त्याऐवजी काय दिसतं? पग. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घराघरांत पोचला. जिथे जाशील तिथे सोबत, असा त्या जाहिरातीचा भाव. गंमत अशी की, मुलामागे धावणारा कुत्रा म्हणून भारताने डोक्यावर घेतलेली ही जात धावायला सगळ्यात नालायक. चपट्या नाकामुळे तिला नीट श्वास घेता येत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर काढतो, आणि पगची धापच तोकडी पडते. बुलडॉग आणि शिह त्झू यांचीही तीच गत.

कुत्र्याबरोबरची भीती हाही या इतिहासाचा भाग आहे, आणि ती भीती निराधार नाही. हैबतबाबांच्या सोहळ्याचं म्हणून जे १८३२ साल सांगतात, त्याच सालच्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे द्यायचे, असा सरकारी खाक्या होता. पैशांच्या लोभाने पाळलेली कुत्रीही घराच्या दारातून ओढून नेऊ लागले. पारश्यांच्या अंत्यविधीत मृतावर कुत्र्याची नजर पडावी लागते, कुत्रं त्यांच्या धर्मात पूज्य. ६ जूनला पारशी रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी कोटातली दुकानं बंद राहिली, पलटणीची रसद अडली. सरकारने कुत्र्यांना हात घालताना जपून असावं, हे पश्चिम हिंदुस्थानात तेव्हाच ठरून गेलं म्हणायचं.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर तेव्हा औषध नव्हतं. १८८५ मध्ये पाश्चरने लस दिली. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली, आणि कुत्रं चावलेली माणसं दूरदूरच्या मुलखांतून रेल्वेने तिकडे जाऊ लागली. पुढे गावोगावच्या सरकारी दवाखान्यांत लस आली ती पोटात टोचायची, आणि चौदा वेळा. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ हे तीन शब्द मराठी घरांत मुलांना कुत्र्यापासून लांब ठेवायला पुरेसे होते. मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात, मोजक्याच वेळा टोचतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्ससोबत ‘रेबीशील्ड’ हे जखमेत टोचायचं प्रतिपिंड तयार केलं. तरीही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणून शर्यतीत कुत्र्याने पोटरीला नुसतं ओरखडलं तरी धावपटूने गंमत म्हणून सोडून देऊ नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि पदक गळ्यात असो वा नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गर्दीत कुत्र्याने काम करण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षणही पुण्यात मिळतं. शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. मुंबई पोलिसांचा गाजलेला लॅब्राडोर जंजीर इथलाच विद्यार्थी. डिसेंबर १९९२ मध्ये तो बॉम्बशोधक पथकात दाखल झाला आणि तीनच महिन्यांत मार्च १९९३ चे स्फोट झाले. त्याने हुडकून काढलेल्या आरडीएक्सची नोंद ३,३२९ किलोंची आहे. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला गेला. जंजीरची थोरवी नाकाची होतीच, पण त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांचीही होती. पोलिसी श्वानाचा हस्तक ठरलेला असतो, तो त्याच्याबरोबरच शिकतो, त्याचं खाणं, पाणी, विश्रांती सांभाळतो. कुत्रा थकला की काम थांबतं. फेब्रुवारी २०१० मधल्या जर्मन बेकरीच्या स्फोटानंतर पुणेकरांना गणेशोत्सवातल्या मांडवात वास घेत फिरणारी ही जोडी चांगलीच ओळखीची झाली. गर्दीत असा कुत्रा दिसला की माणसं आपोआप दोन पावलं मागे सरतात.

१९८३ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. सुरेश कलमाडी यांनी ती उभी केली. इथिओपिया आणि केनियाचे धावपटू डिसेंबरच्या थंडीत पुण्याच्या रस्त्यांवर दिसू लागले. तोवर पर्वतीच्या पायऱ्या, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाई ही व्यायामाची ठिकाणं होती. फिरायला जाणं हा शब्द होता, रनिंग हा नव्हता. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत धावणाऱ्यांचे गट निघाले, आयटीतली तरुण मंडळी आली, हाफ मॅरेथॉन, टेन के, फाइव्ह के असे बेत वर्षभर सुरू झाले. आणि टेकडीवरच्या कुत्र्यांनी या नव्या मंडळींना आपलंसं केलं. टेकडीवर कोणाचाच नसलेला एखादा कुत्रा रोज त्याच गटाबरोबर वर चढतो आणि खाली आला की पार्किंगमध्ये निरोप घेतो, हे पुण्यात कोणीही पाहू शकतं. वेताळ टेकडीवर मोरही आहेत. पट्टा सोडलेली घरची कुत्री त्यांच्यामागे लागतात, तेव्हा मालक ‘तो काही करत नाही हो’ असं म्हणतात. मोराचं मत कोणी विचारत नाही.

टेकडी वेगळी आणि शर्यत वेगळी. शर्यतीत कुत्रा काय करू शकतो याचे दोन्ही टोकांचे किस्से नोंदलेले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात लुडिव्हाइन नावाची ब्लडहाउंड मालकाच्या घराबाहेर पडली, हाफ मॅरेथॉनच्या रांगेत शिरली आणि वाटेत थांबत, हुंगत सगळं अंतर धावून सातवी आली. तिला पदकही मिळालं. २००७ च्या तूर द फ्रान्समध्ये मात्र कुत्र्यांनी दोनदा सायकलस्वार पाडले. त्यातला सँडी कासार पडूनही तो टप्पा जिंकला, हा त्याचा दैवयोग. लुडिव्हाइनची गोष्ट सगळे सांगतात, पण तिथे गर्दी विरळ होती. पुण्याच्या फाइव्ह केच्या आरंभरेषेवर दाटीवाटीने उभी असलेली माणसं, ढोलताशाचं पथक, झुंबा शिकवणारा निवेदक आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर असतात. कुत्र्याचे कान माणसाहून कितीतरी तीक्ष्ण. त्याने तिथे घाबरून कोणाला धरलं तर चूक कुत्र्याची म्हणायची का?

विलायतेत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला आणि तिथे त्याचं उत्तरही शोधावं लागलं. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी सुरू झालेल्या पार्करनमध्ये दर शनिवारी पाच किलोमीटर फुकट धावता येतं, आणि बऱ्याच ठिकाणी कुत्राही नेता येतो. नियम असा की, एका माणसाबरोबर एकच कुत्रा आणि आखूड पट्टा. २०२२ मध्ये तिथल्या संयोजकांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. कमरेला बांधायचा पट्टा बंद, पट्टा हातातच हवा. कॅनिक्रॉसवाले यावर चिडले. कॅनिक्रॉस हा युरोपात रुजलेला खेळ. कुत्रा छातीच्या पट्ट्याने माणसाला ओढतो, मधली दोरी ताणली जाणारी आणि माणसाच्या कमरेला बांधलेली. त्या खेळात ही रीत योग्यच आहे, कारण तिथे प्रत्येकाजवळ कुत्रा असतो, जोड्या अंतराअंतराने सोडतात आणि पुढे दोन मीटर दोरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तीच दोरी कानात गाणी घालून धावणारे, बाबागाडी ढकलणारे, सत्तरीचे आजोबा यांच्या मिश्र गर्दीत आली की गुडघ्याच्या उंचीवरचा अदृश्य अडसर होते. कुत्रा डावीकडे आणि माणूस उजवीकडे गेला, एवढंच पुरतं.

पार्करन भारतात नाही, पण त्यांचा हा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडतो. कुत्रा घेऊन धावायचंच असेल तर सगळ्यात मागून सुटावं, रस्त्याच्या एका कडेने जावं, कुत्रा कडेच्या बाजूला आणि माणूस गर्दीच्या बाजूला. गुंडाळून आत जाणारा लांबता पट्टा घरी ठेवावा. पट्टा मनगटाला वेढू नये, कारण कुत्र्याने हिसका दिला तर सोडता आला पाहिजे. मेंढरांच्या कडेने चालणाऱ्या त्या धनगरी कुत्र्याची जागा हीच आहे. पाण्याच्या टेबलांपाशी आणखी एक धोका असतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. धावपटूंनी फेकलेल्या एनर्जी जेलच्या पाकिटांत कॅफीन असतं, साखरेऐवजी वापरलेलं झायलिटॉलही असू शकतं. ते माणसाला चालतं, पण त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने घसरते, जीवही जाऊ शकतो. डिसेंबरची पहाट कुत्र्याला मानवते. मार्चनंतर डांबराला हाताची पाठ पाच सेकंद टेकवून पाहावी; माणसाला सोसवत नसेल तर कुत्र्याच्या तळव्यालाही सोसणार नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याचं काय, हा मात्र अवघड प्रश्न. त्याला शर्यतीपुरतं उचलून नेता येत नाही. २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांनी, मोकाट कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच जागी परत सोडायचं ठरवलं आहे. म्हणून शहाणा संयोजक मार्ग आखतानाच त्या त्या गल्लीत कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या बाई-बुवांना गाठतो. त्यांनी पहाटे लवकर आतल्या गल्लीत खाणं ठेवलं की कुत्री तिकडे जातात. त्यांच्या हाकेला कुत्री ओ देतात, पोलिसाच्या शिट्टीला देत नाहीत. धावणाऱ्यानेही मागे लागलेल्या कुत्र्यासमोर वेग वाढवू नये. चालायला लागावं, डोळ्याला डोळा भिडवू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणं त्याच्या रक्तातच आहे, चालणाऱ्यात त्याला फारसा रस नसतो.

पुणे जिल्ह्यातच धावत्या प्राण्यांसाठी केवढी तपशीलवार नियमावली होऊ शकते याचं उदाहरण बैलगाडा शर्यतीचं. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ भागातले घाट, गाड्यापुढे धावणारी घोडी, बारी मारणारे बैल आणि कडेला उसळणारी गर्दी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती थांबवल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. त्या प्रवासात धावपट्टी, पशुवैद्य, परवानगी या सगळ्यांची कलमं लिहिली गेली. माणसासोबत पळणाऱ्या कुत्र्यावर एवढी शाई कोणी खर्च केलेली नाही. त्याच्या वाट्याला संयोजकाच्या नियमपत्रिकेतली एखादी ओळ येते, आणि बहुधा ती ‘पाळीव प्राण्यांना मनाई’ अशी असते. आरंभरेषेवर ती वाचून दाखवणारा चोपदार नसतो, म्हणून बीगल येतोच.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडा संकुलं यांच्या आवारातली मोकाट कुत्री हटवण्याचा, आणि त्यांना तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. पुण्यातल्या बऱ्याच शर्यती मैदानातून सुटतात आणि मैदानातच संपतात, मधलं अंतर सार्वजनिक रस्त्याचं. म्हणजे आता एकाच शर्यतीत धावपटू दोन वेगळ्या कायद्यांतून जातो. फाटकाच्या आत कुत्रा असता कामा नये, फाटकाबाहेर तो त्याच्या जागेवर राहणार. आत कुत्री शिरू न देण्याची जबाबदारी क्रीडा संकुलाच्या व्यवस्थापनाची, ती हटवण्याची आणि बाहेरची महापालिकेची. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीपुढे पहिल्या शंभर पावलांत जो कुत्रा येईल, त्याच्यासाठी कोणी उभं राहायचं हे संयोजकांना दर वर्षी नव्याने ठरवावं लागतं. सध्या तिथे उभा असतो तो महाविद्यालयातला एखादा स्वयंसेवक, गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली आणि पहाटे चारपासून जागा.